धुराड्यामागचा बूट

भिंतीतून बूट निघाला तेव्हा दादाराव चहात बिस्किट बुडवत होते. डेल नावाचा सुतार दिवाणखान्यातल्या जुन्या शेकोटीशेजारची फळी पहारीनं उचकटत होता. फळी निघाली, मागून ओंजळभर काजळी सांडली आणि काजळीबरोबर काहीतरी टणक जमिनीवर आपटलं. दादारावांना आधी वाटलं, मेलेली घूस असेल. डेलनं ते उचललं, त्यावर फुंकर मारली आणि डोक्यावरची टोपी काढली. साठीचा, दंडावर गोंदलेला, दिवसभर रेडिओशी भांडणारा हा माणूस टोपी काढून उभा राहिलेला पाहून दादारावांचं चहातलं लक्ष उडालं आणि बिस्किट तुटून तळाला गेलं. बूट होता. एकाच पायाचा, डाव्या. बाईचा असेल नाहीतर अंगानं वाढलेल्या मुलीचा. कातडं वाळून लाकडासारखं झालेलं, टाचेला दोनदा ठिगळ लावलेलं, आणि पुढे अंगठ्याच्या जागी बाहेर आलेला एक उंचवटा. घालणारीचा अंगठा मोठा असणार, किंवा बूट लहान. दादाराव त्या उंचवट्याकडे बघत राहिले. डेल म्हणाला की त्याच्या आजीच्या गावी असं काही सापडलं की परत होतं तिथंच ठेवतात, तुम्हाला काय करायचंय ते करा, पण मी आज पुढचं काम करत नाही. आणि तो खरोखरच अवजारं गोळा करून निघून गेला. दुपारचे दोन वाजले होते.

अमेरिकेतल्या हर्नडन गावाच्या जुन्या भागातलं हे घर संघमित्रानं, म्हणजे दादारावांच्या एकुलत्या एका मुलीनं, दोन वर्षांपूर्वी घेतलं होतं. आसपासची सगळी मराठी मंडळी नव्या वसाहतीत, एकाला एक चिकटलेल्या घरांत राहायची. हिला मात्र सव्वाशे वर्षांचं, लाकडी, पायऱ्या करकरणारं घर हवं होतं. जावई आयुष तेव्हाच म्हणाला होता की या घराला तेल लावता लावता आपलं तेल निघेल. दादाराव नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले होते ते घराच्या कामावर लक्ष ठेवायला, असं सगळ्यांना सांगितलं होतं. खरं म्हणजे बायको गेल्यावर त्यांना एकटं ठेवायला संघमित्राचा जीव होत नव्हता. ते सकाळी जुन्या रेल्वेच्या जागी केलेल्या रस्त्यावरून चालत ग्रंथालयात जात, दुपारी परत येत, साडेतीनला नातीची, रुहीची, शाळेची बस येई तेव्हा फाटकाशी उभे राहत. नऊ वर्षांची रुही बसमधून उतरताना त्यांना 'जय भीम आजोबा' म्हणायची आणि त्यानंतरचं सगळं इंग्रजीत. त्यांनी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत सांगायचं, असं दोघांचं बिनबोभाट चाललं होतं.

बुटाची हकिकत त्याच आठवड्यात कळली. इथल्या इतिहास मंडळाच्या एक बाई आल्या, स्वेटर घातलेल्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी हातमोजे घालून बूट उलटासुलटा पाहिला, फोटो काढले आणि जेवणाच्या टेबलाशी बसून सगळ्यांना सांगितलं. ही चाल इंग्लंडातून आली. घराची दारं लावता येतात, खिडक्या लावता येतात, पण धुराडं रात्रंदिवस उघडं. चेटकीण, सैतान, जे काही वाईट असेल ते तिथून उतरणार. म्हणून धुराड्याजवळ भिंतीत वापरलेला बूट लपवायचा. नवा चालत नाही. बुटाला घालणाऱ्याच्या पायाचा आकार येतो, त्यामुळे वाईट शक्तीला वाटतं माणूसच आहे, ती बुटात शिरते आणि अडकते. घरातली माणसं वाचतात. असे बूट गावोगाव सापडतात, बाई म्हणाल्या, पण लिहून कुणीच ठेवलेलं नाही. जो लपवायचा तो बायकोलासुद्धा सांगत नसे. महिनाअखेर येऊन आम्ही हा घेऊन जाऊ. संघमित्रानं बूट एका खोक्यात घालून गराजमध्ये ठेवला. रुही सबंध वेळ टेबलाची कड नखानं खरवडत ऐकत होती. आयुष फोनवर होता. दादाराव मनातल्या मनात हसले होते. धुराडं नसतं तर यांनी कशात भुतं घातली असती, असं काहीतरी ते मराठीत म्हणालेही, आणि संघमित्रा हसली होती. बापाचं हे बोलणं तिच्या लहानपणापासूनचं होतं.

कारण दादाराव मेश्राम गुरुजी म्हणजे भंडारा जिल्ह्यात एके काळी भुताखेतांचा कर्दनकाळ. छप्पन साली वडिलांनी नागपुरात दीक्षा घेतली, परत येऊन देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि वैनगंगेत सोडले. चार वर्षांचा दादाराव त्यांच्या खांद्यावर बसून ते पाहत होता, असं त्याला नंतर इतक्यांदा सांगितलं गेलं की ते आठवतंय की ऐकलंय हे त्याला कधी कळलं नाही. पुढे शाळामास्तर झाल्यावर सुटीच्या दिवशी सायकलला पेटी बांधून गावोगाव प्रयोग. पाण्यानं पेटणारा नारळ, जिभेवर जळता कापूर, तुपाच्या नावाखाली ग्लिसरीन ओतून आपोआप धडधडणारा होम. आधी चमत्कार करायचा, माणसं हात जोडून पुढे आली की मग सगळं उलगडून दाखवायचं. लोक आधी चिडत, मग हसत, आणि हसले की जिंकलं. भाषणाच्या शेवटी एक खास गोष्ट असे, अमेरिकेतली. शाळेच्या कपाटातल्या एका जीर्ण पुस्तिकेत त्यांना ती मिळाली होती. अठराशे अठ्ठेचाळीस साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका खेड्यात दोन बहिणी, वयानं लहान, घरात भूत आहे म्हणाल्या. प्रश्न विचारला की भिंतीतून टकटक उत्तर यायचं. बघता बघता सगळा देश टेबलाभोवती हात धरून बसायला लागला. वकील, डॉक्टर, न्यायाधीश. आणि चाळीस वर्षांनी त्यातल्या एका बहिणीनं भर नाट्यगृहात बूट काढला आणि दाखवून दिलं, की भूत वगैरे काही नाही, माझ्या पायाचा अंगठा मोडतो त्याचा हा आवाज. इथं दादाराव गुरुजी चप्पल काढत, पाय लाकडी बाकावर टेकवत आणि अंगठा असा मोडत की शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही ऐकू जाई. 'इंग्रजी शिकलेल्या लोकांना एका अंगठ्यानं गंडवलं. तुम्ही तर बिचारे.' हमखास हशा. आता बहात्तराव्या वर्षी तोच अंगठा सकाळी पलंगावरून उतरताना आपणहून वाजतो, आणि हसायला कुणी नसतं.

टकटक सुरू झाली ती बूट निघाल्याच्या दुसऱ्या सोमवारी. आदल्या रविवारी आयुष टेक्सासला, अर्विंगला, नव्या प्रोजेक्टवर गेला होता, दोन मोठ्या बॅगा घेऊन. सोमवारी संध्याकाळी संघमित्रा आणि दादाराव स्वयंपाकघरात भाकरी खात असताना छतातून आवाज आला. टक. मग पुन्हा टक. पाइप असेल, संघमित्रा म्हणाली. मंगळवारी जेवणाच्या वेळीच. बुधवारी पुन्हा. गुरुवारी रुहीनं ताटावरून उठता उठता सांगितलं, "इट्स हर. द शू गर्ल. शी इज मॅड, शी वॉन्ट्स इट बॅक." आणि शुक्रवारी शाळेतून फोन आला की रुही पोटात दुखतंय म्हणून नर्सच्या खोलीत झोपून आहे. ताप नाही, काही नाही. त्या संध्याकाळी संघमित्रा दादारावांच्या खोलीत आली, लॅपटॉप काखेत तसाच. "बाबा, शी इज मेकिंग इट अप. मला माहितीये, तुम्हालाही माहितीये. पोटाचं पण तेच, डॉक्टरांनी चेक केलं, सगळं नॉर्मल आहे. मला ऑफिसमध्ये आत्ता श्वास घ्यायला वेळ नाहीये. तुम्ही तिला एकदा पकडा ना. तुमचं तर आयुष्य गेलं यात. प्रेमानं पकडा, पण पकडा. नाहीतर सवय लागेल." दादाराव म्हणाले, बघतो. संघमित्रा दाराशी थांबली, काहीतरी बोलेल असं वाटलं, पण फोन वाजला आणि ती गेली. ते पलंगावर बसून राहिले. पकडा, हा शब्द ती सहज बोलून गेली होती. तिला काय ठाऊक.

तिला एवढंच ठाऊक होतं की आपल्याला एक आत्या होती, देवका नावाची, आणि ती अपेंडिक्स फुटून तरुणपणीच वारली. घरात तिचा फोटो नव्हता. काढलाच नव्हता कधी. देवका दादारावांहून तीन वर्षांनी मोठी. आई तिला ठमी म्हणायची. आईशिवाय कुणीच नाही, आणि आई दादाराव बारा वर्षांचा असताना गेली, त्यामुळे ते नावही तिच्याबरोबर गेल्यासारखं झालं. वरच्या आळीतून जाताना चप्पल हातात घ्यावी लागायची त्या काळातली ही पोर. तिच्या डाव्या पायाचा अंगठा मोठा, बाहेर आलेला, बोरीचा काटा सगळ्यात आधी त्याच्यात रुतायचा आणि दादाराव दातानं तो काढून द्यायचा. लग्न करून दिलं ते तीन कोसांवर. सासरच्यांनीही दीक्षा घेतली होती, भिंतीवर तसबीर होती, पण तसबिरीखाली कोनाड्यात मरीआईचा शेंदूर फासलेला दगड तसाच. नवरा दारू प्यायचा आणि मारायचा. सासू उपाशी ठेवायची. आणि मग एका पोळ्याला देवकाच्या अंगात आलं. केस सोडून घुमायला लागली, आवाज बदलला, सासूला एकेरीत हाक मारली, आणि सासूनं पायावर डोकं ठेवलं. तेव्हापासून दर मंगळवारी. नवरा त्या दिवशी दारात उभा राहायचा, हात बांधून. गावातल्या बाया ओटी घेऊन यायच्या.

ही बातमी दादाराव गुरुजींच्या कानावर आली ती त्यांच्याच एका प्रयोगानंतर. कुणीतरी मागच्या रांगेतून म्हणालं, गुरुजी, आधी आपल्या बहिणीची देवी उतरवा. हशा झाला. हमखास हशा, पण या वेळी त्यांच्यावर. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचा एक नियम होता, की अंगात येणाऱ्या बाईला सगळ्यांसमोर उघडं पाडायचं नाही. आधी घरी जायचं, एकटीशी बोलायचं, तिला काय दुखतंय ते विचारायचं. हा नियम दादारावांनीच नव्या पोरांना शिकवला होता. पण स्वतःच्या बहिणीच्या वेळी त्यांना वाटलं, एकट्यात बोललो तर लोक म्हणतील घरचं झाकलं. परक्या बाईला दिली असती तेवढी सवलतही त्यांनी तिला दिली नाही, केवळ ती सख्खी होती म्हणून. मंगळवारी भरल्या अंगणात ते जाऊन उभे राहिले. देवका घुमत होती. देवी काय काय मागते ते त्यांनी लोकांना मोठ्यानं ऐकायला लावलं. देवी म्हणत होती, या बाईला दोन वेळ पोटभर जेवू घाला. या बाईला जुनं लुगडं देऊ नका. या बाईला चार दिवस भावाकडे पाठवा. "बघा," दादाराव म्हणाले, "साऱ्या दुनियेची मालकीण, आणि तिला चार दिवस माहेरी जायचंय." लोक हसले. मग ते तिच्या पाठीमागे गेले आणि आईच्या आवाजात, संध्याकाळी आई ओसरीवरून घालायची तश्शी, वर चढत जाणारी हाक घातली. ठमे, ये ठमे. घुमणारी मान थांबली. देवकानं वळून पाहिलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "ओ." क्षणभर तिचा चेहरा उजळला होता. नंतर तिला समोर भाऊ दिसला आणि त्याच्यामागे सगळं गाव. "देवी कधी ओ देते का?" त्यांनी विचारलं. अंगण हसून हसून लोळलं. सासूही हसली. नवरा सगळ्यात शेवटी हसला आणि सगळ्यात जास्त वेळ.

शनिवारी, रविवारी छत गप्प होतं. सोमवारी सकाळी दादाराव ग्रंथालयात त्यांच्या नेहमीच्या खिडकीशी बसले. बूट निघाल्यापासून ते एकच जाडजूड पुस्तक वाचत होते, या लोकांच्या जादूटोण्याचा सगळा इतिहास. तुळयांवर कोरलेली सहा पाकळ्यांची चक्रं, चुलीखाली पुरलेल्या, सुया आणि केस भरलेल्या बाटल्या, फासावर चढवलेल्या बाया, मग ती टेबलं आणि ते अंधारात धरलेले हात. सुरुवातीला ते वाचताना त्यांना फार बरं वाटायचं. आपणच अडाणी नव्हतो म्हणायचं. एकेका पानावर ते पेन्सिलीनं खूण करायला जायचे आणि पुस्तक आपलं नाही हे आठवून थांबायचे. आज त्या दोन बहिणींचं पान आलं. पुस्तिकेत होतं ते सगळं होतं, नाट्यगृह, बूट, अंगठा. पण पुस्तिका जिथं संपत होती तिथं हे पुस्तक संपत नव्हतं. त्या टेबलांभोवती बसायला कोण येत होतं, तर यादवी युद्धात ज्यांचे मुलगे मेले आणि मातीसुद्धा हाती लागली नाही अशा आया. पोटचं लेकरू गेलेले बाप. एक टकटक म्हणजे हो. तू बरा आहेस का? टक. तेवढंच ऐकून त्या घरी जात. आणि नाट्यगृहात कबुली देणाऱ्या बहिणीनं ती कबुली पोटासाठी दिली होती. वर्षभरात तिनं ती मागे घेतली, तर आता तिचं तेही कुणी खरं धरेना. थोड्याच वर्षांत दोघी बहिणी हलाखीत मेल्या. दादारावांनी पुस्तक मिटलं. एवढ्या गावांत, एवढ्या बाकांवर पाय टेकवून त्यांनी ही गोष्ट सांगितली होती आणि पुढे त्या पोरींचं काय झालं हे त्यांना कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. ते बाहेर आले. रस्त्याकडेच्या झाडांना नुकती पालवी फुटली होती आणि सायकलवाले घंटी वाजवत बाजूनं जात होते.

साडेतीनला रुही बसमधून उतरली, जय भीम म्हणाली, दूध प्यायली आणि होमवर्क आहे म्हणून वर गेली. दादाराव स्वयंपाकघरात चहा घेऊन बसले. छतात, शेगडीच्या जरा अलीकडे, गरम हवा येण्याची लोखंडी जाळी होती. तिच्याच वर रुहीची खोली, तिथं जमिनीत तशीच जाळी. पहिल्या दिवशीच त्यांनी ओळखलं होतं. टाच. मोजा न घातलेली, जाळीच्या कडेवर आपटलेली टाच. जिना चढून दार ढकललं की संपलं. टक, आवाज आला. ते उठले नाहीत. त्यांनी वर पाहिलं आणि आपल्या आवाजाचं त्यांनाच नवल वाटलं, इतका तो लहान होता. "बाई," ते जाळीला म्हणाले, "एकदा वाजवलं तर हो, दोनदा वाजवलं तर नाही. चालेल?" मग टक. "हा बूट तुझा का?" टक. "परत भिंतीत हवाय?" टक, लगेच. "बूट निघाला म्हणून काही वाईट झालं का गं?" टक. "कुणी आजारी पडलं?" टक टक. "कुणी गेलं घरातून?" या वेळी उत्तर यायला वेळ लागला. टक. "कामाला गेलाय तो. येईल की परत." आणि ताबडतोब, एवढ्या जोरात की जाळीतून धुळीची चिमूट खाली पडली, टक टक.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. दोन मोठ्या बॅगा. आयुषनं निघताना त्यांना वाकून नमस्कार केला होता, एरवी तो कधी करत नसे. संघमित्रा दाराशी थांबून न बोलता गेली ते. खालचं वर ऐकू जातं. ही जाळी दोन्हीकडून बोलते. "तू इथूनच ऐकलंस? दोघं बोलत होते ते?" टक. "आईला ठाऊक आहे का, तुला ठाऊक आहे ते?" टक टक. पुढचा प्रश्न त्यांना येत होता. कार्यकर्त्यांना शिकवलेला पहिला प्रश्न तोच होता, आणि भरल्या अंगणात तेवढाच विचारायचा राहिला होता. "दुखतंय का?" त्यांनी विचारलं. मग टक. मग आणखी काहीतरी, टकटक नव्हे, जाळीला गाल लावून कुणी नाक ओढावं तसं. पोटात दुखणंही खरं होतं. सगळंच खरं होतं.

अंगणातल्या त्या मंगळवारनंतर देवकाच्या अंगात आलं नाही. पाच महिन्यांनी, माघात, तिच्या सासरचा एक पोरगा सायकलवर आला. "देवकाबाईच्या पोटात लई दुखून राह्यलं, गुरुजी. भावाले बोलाव म्हणते." दादाराव पेटी बांधत होते; संध्याकाळी पलीकडच्या गावात प्रयोग होता. त्यांनी विचारलं, घरचे काय म्हणतात? पोरगा म्हणाला, "घरचे म्हणते, सोंग हाय. अगुदर देवी आणे, आता पोट आणलं." दादाराव हसले होते. त्या हसण्याची जागा त्यांना आजही दाखवता येईल, उजव्या गालात, दाढेजवळ. "तिला म्हणा, आता पुरे," ते म्हणाले. त्यांनी एकच वाक्य म्हणायला हवं होतं. खरं दुखतंय तिला, गाडी जुंपा. त्यांचा शब्द त्या गावात आता चालत होता; त्यांनीच तर सिद्ध करून दिलं होतं की खरं काय आणि खोटं काय ते त्यांना कळतं. त्या संध्याकाळी त्यांनी दोन बहिणींची गोष्ट सांगितली आणि अंगठा फार छान वाजला. तिसऱ्या दिवशी ते पोचले तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं, पाय उघडे, आणि तो डावा अंगठा.

ते उठले, गराजमध्ये गेले आणि खोकं घेऊन आले. शेकोटीशेजारची भिंत अजून उघडीच होती, डेल उद्या नवी फळी ठोकणार होता. गुडघ्यावर बसायला त्यांना वेळ लागला. बूट हातात घेतल्यावर अंगठ्याच्या उंचवट्यावरून त्यांचं बोट आपसूक फिरलं. हिचं नाव काय असेल, कुणी हिला कशी हाक मारत असेल, काहीच कळायला मार्ग नव्हता. नुसतं एवढंच, की ही ठिगळ लावलेला बूट घालून चालली आणि तो तिला बोचत होता. त्यांनी तो काजळीत आत सरकवला, पायाचा आकार वरच्या बाजूला राहील असा. याचा काही उपयोग नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचा विश्वास होता तिथंच होता, तसूभर हलला नव्हता. आयुष परत येणार नाही, आणि बूट भिंतीत असता तरी गेलाच असता. ते तिथंच जमिनीवर बसून राहिले. हात काळे झाले होते.

संघमित्रा साडेपाचला आली. तिनं आधी रिकामं खोकं पाहिलं, मग बापाचे हात, मग भिंत. "बाबा, हे काय? ते लोक बूट न्यायला येणारेत." तिनं पर्स खाली ठेवली. "पकडलंत का तिला?"

"नाही," दादाराव म्हणाले. "खरं आहे ते."

"काय खरं आहे? बाबा, तुम्ही बोलताय हे?"

"तिला दुखतंय. आयुषरावांचं तिला कळलंय, बेटा. मलाही कळलं." संघमित्रा उभीच राहिली. मग स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून, कोट न काढताच बसली आणि दोन्ही तळव्यांनी डोळे दाबून धरले. ती रडत असताना आवाज होऊ देत नव्हती, आणि ही सवय तिला इथंच लागलेली असणार. दादाराव हात न धुताच तिच्यासमोर येऊन बसले. तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा होता, पण काजळी लागली असती. "समर संपेपर्यंत थांबून तिला सांगणार होतो," ती म्हणाली. "आम्ही ठरवलं होतं. तुम्हाला तर... तुम्हाला कसं सांगू, आई गेली आत्ता कुठे. आणि तुम्ही तिला पकडा म्हणाले मी. मी म्हणाले पकडा."

"ऐक," दादाराव म्हणाले. "तुझ्या आत्याबद्दल मी तुला कधी सांगितलं नाही." आणि त्यांनी सांगितलं. मंगळवार, अंगण, देवीनं मागितलेले चार दिवस. आईच्या आवाजातली हाक मात्र त्यांनी घालून दाखवली नाही; नुसतं सांगितलं, हाक घातली, आणि तिनं ओ दिली. सायकलवरचा पोरगा. सोंग. ते सरळ ओळीनं सांगत होते, मास्तर होते ते, आणि कुठंही स्वतःला सांभाळून घेत नव्हते. खिडकीतून येणारं ऊन शेगडीवरून भिंतीवर गेलं. संघमित्रानं डोळ्यांवरचे हात काढले होते. "तुम्हाला काय माहीत असणार होतं, बाबा," ती शेवटी म्हणाली, "अपेंडिक्स आहे म्हणून. तेव्हा कोणाला कळलं असतं." हे ती चांगुलपणानं म्हणाली. त्यांची बायकोही असंच म्हणायची, आणि चाळीस वर्षं त्यांनी ते ऐकून घेतलं होतं.

"कळायचं काय होतं त्यात," दादाराव म्हणाले. "बोलावलं होतं तिनं." ते संघमित्राकडे बघत नव्हते, कुणाकडेच नव्हते. "पेटी खाली ठेवून जायला पाहिजे होतं. नाही का?"

वरून, जाळीतून, आवाज आला. एकदाच. मग दोघांनीही बराच वेळ वाट पाहिली, पण दुसरा आला नाही. टाच होती, उघडी, जाळीच्या कडेवर. दादारावांना ते नीट ठाऊक होतं. त्यांनी मान हलवली, आणि उठून नळाखाली हात धरले.